अल्पखर्चिक पातळ थर आणि वायू-सेन्सर : 'स्वस्त' या विशेषणाची चिकित्सा
(इच्छापोर-हजिरा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पातळ थर आणि नॅनोपदार्थ या विषयांवरील भारतीय शोधनिबंधांत एक वाक्य जवळजवळ ठरून गेलेले आहे. वापरलेली पद्धत सोपी आहे, कमी खर्चाची आहे, तिला निर्वात यंत्रणा लागत नाही आणि मोठ्या पृष्ठभागावर थर देण्यास ती उपयुक्त आहे, असे ते वाक्य. ते बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या परिच्छेदात येते, त्याला पूर्वीच्या दोन-तीन निबंधांचा आधार जोडलेला असतो, आणि त्यानंतर सबंध निबंधात खर्चाचा विषय पुन्हा निघत नाही. किती रुपयांत किती चौरस सेंटिमीटर थर मिळाला, दहा नमुन्यांपैकी किती टाकून द्यावे लागले, द्रावण किती वेळा बदलले, उरलेल्या द्रावणाचे काय केले, ही माहिती क्वचितच दिलेली आढळते. ज्या गुणासाठी पद्धतीची निवड झाली असे सांगितले जाते, तोच गुण मोजला जात नाही, ही या साहित्यातील मूळ विसंगती होय.

ही विसंगती केवळ लेखनशैलीची असती तर तिच्यावर पाने खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु याच थरांपासून वायू-सेन्सर तयार व्हावयाचे आहेत आणि ते कामगारांच्या जिवाशी संबंधित आहेत. म्हणून 'स्वस्त' या विशेषणाची तपासणी प्रयोगशाळेच्या टेबलावर न करता, जेथे अशा सेन्सरची गरज आहे अशा एका ठिकाणाच्या संदर्भात करणे अधिक उचित ठरेल.

इच्छापोर आणि हजिरा

सुरतहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. (तापीच्या दुसऱ्या तीरावरील इच्छानाथ हे वेगळे ठिकाण, सरदार वल्लभभाई राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था तेथे आहे. नावांतील साम्यामुळे पुष्कळदा गल्लत होते.) इच्छापोर येथे जेम अँड ज्वेलरी पार्क आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर हजिऱ्याचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. ओएनजीसीचा हजिरा प्रकल्प अरबी समुद्रातील दक्षिण बसीन क्षेत्रातून नळाने येणारा आंबट वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडयुक्त नैसर्गिक वायू, शुद्ध करतो. कृभकोचा खत कारखाना अमोनिया आणि युरिया तयार करतो. त्याला लागूनच अणुऊर्जा विभागाचा जड पाण्याचा प्रकल्प आहे, तो १९९१ मध्ये सुरू झाला आणि त्याची प्रक्रियाही अमोनिया व हायड्रोजन यांच्यावर आधारलेली आहे. देशातील हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही वायुवाहिनी येथूनच निघते.

अशा मोठ्या प्रकल्पांत वायू-गळतीची सूचना देणारी आयात केलेली, प्रमाणित आणि नियमित अंशशोधन होणारी यंत्रणा असते. तेथे स्वस्त सेन्सरची वाट कोणी पाहत नाही. गरज आहे ती या प्रकल्पांच्या कुंपणाबाहेर : छोटी रंगाई-छपाईची युनिटे, सांडपाण्याच्या टाक्या, नाले, भूमिगत गटारे आणि रसायने वाहून नेणारे टँकर. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि शेजारच्या रंगाई गिरणीतील ६ कामगार मरण पावले, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या नाल्याच्या काठी कोणताही सेन्सर नव्हता, आणि असता तरी तो कोणी लावला असता, हा प्रश्न उरतोच.

हायड्रोजन सल्फाइडची अडचण अशी की माणसाचे नाक त्याला फार कमी प्रमाणात ओळखते; एक दशलक्ष भागात एका भागाहूनही कमी असताना सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. १०० भाग हीच जीविताला तात्काळ धोका मानली जाणारी मर्यादा आहे. कामाच्या ठिकाणी १० भागांच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे. अमोनियासाठी हे आकडे अनुक्रमे ३०० आणि २५ असे आहेत. पुढील विवेचनात हे चार आकडे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण सेन्सरवरील कोणत्याही निबंधाची पहिली परीक्षा त्यांच्यावरच व्हावयास हवी.

कोल्हापूरची परंपरा

महाराष्ट्रात रासायनिक मार्गाने पातळ थर तयार करण्याचे काम जेथे सर्वाधिक सातत्याने झाले ते ठिकाण म्हणजे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. त्याआधी आयआयटी दिल्ली येथे के. एल. चोप्रा यांच्या गटाने या विषयाचा पाया घातला होता. १९६९ मधील त्यांचा पातळ थरांच्या गुणधर्मांवरील इंग्रजी ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. कोल्हापुरात सी. डी. लोखंडे यांचा रासायनिक पद्धतीने तयार केलेल्या धातू-चाल्कोजेनाइड थरांवरील आढावा १९९१ मध्ये, आर. एस. माने व लोखंडे यांचा सविस्तर आढावा २००० मध्ये आणि एच. एम. पठाण व लोखंडे यांचा 'सिलार' पद्धतीवरील आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पी. एस. पाटील यांनी १९९९ मध्ये स्प्रे पायरोलिसिस पद्धतीच्या बहुविध उपयोगांचा आढावा घेतला. हे चारही आढावे जगभर उद्धृत झाले.

या पद्धतींचे मर्म थोडक्यात असे. केमिकल बाथ पद्धतीत धातूच्या क्षाराचे द्रावण अमोनियासारख्या संयुगकारकाने बांधून ठेवतात आणि त्यात थायोयुरिया घालतात. अल्कधर्मी द्रावणात थायोयुरियातून सल्फाइड आयन सावकाश सुटतात. धातूचे आयनही सावकाश मोकळे होतात. दोहोंचा गुणाकार विद्राव्यतेची सीमा ओलांडतो तेव्हा घन पदार्थ तयार होऊ लागतो आणि बुडवलेल्या काचपट्टीवर त्याचा थर बसतो. चूल म्हणून हॉटप्लेट, भांडे म्हणून बीकर, तापमान ६०-८० अंश. सारे कौशल्य 'सावकाश' या शब्दात आहे. घाई झाली तर काचपट्टीऐवजी बीकरच्या तळाशी गाळ बसतो. 'सिलार' ही पद्धत फ्रान्समधील निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली. तीत धन आयन एका बीकरमध्ये आणि ऋण आयन दुसऱ्यात ठेवतात, पट्टी आळीपाळीने दोहोंत बुडवतात व मध्ये शुद्ध पाण्याने धुतात, त्यामुळे गाळ टळतो. स्प्रे पायरोलिसिसमध्ये द्रावणाचे सूक्ष्म तुषार ३०० ते ५०० अंश तापलेल्या काचेवर सोडले जातात आणि तेथेच विघटन होऊन ऑक्साइड किंवा सल्फाइडचा थर उरतो.

या पद्धती का रुजल्या याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. निर्वात बाष्पीभवन किंवा स्पटरिंगची यंत्रणा परदेशातून मागवावी लागे, ती बिघडली तर सुटा भाग येईपर्यंत संशोधन थांबे. बीकर बिघडत नाही. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी स्वतःच्या हाताने थर तयार करू शके, आणि पुढे तोच विद्यार्थी प्राध्यापक होऊन आपल्या महाविद्यालयात तसलाच बाथ मांडू शके. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व खानदेशातील कितीतरी महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे संशोधन या मार्गाने सुरू झाले. हे श्रेय मोठे आहे आणि पुढील टीकेने ते कमी होत नाही.

तसेच या पद्धती खेळण्यातल्या आहेत असा ग्रह करून घेणेही चुकीचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत अवरक्त किरण ओळखणारे लेड सल्फाइडचे थर रासायनिक बाथमधूनच तयार होत, आणि त्या जातीचे डिटेक्टर आजही याच मार्गाने तयार होतात. तांबे-इंडियम-गॅलियम सेलेनाइडच्या सौर घटातील कॅडमियम सल्फाइडचा थरही बहुधा बाथमध्येच बसवला जातो. म्हणजे बाथमधून उद्योग उभा राहू शकतो. प्रश्न एवढाच की तो कोणत्या अटींवर उभा राहिला.

अमळनेरचे जाड थर

सुरतजवळच्या उधन्याहून जळगावला जाणारा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग खानदेशातील माणसांना पिढ्यानपिढ्या सुरतेत आणत आला आहे. उधना आणि लिंबायत भागातील मराठी वस्ती बव्हंशी याच मार्गावरील गावांची आहे. त्या मार्गावर सुरतपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर अमळनेर लागते. (विप्रोचा वनस्पती तुपाचा पहिला कारखाना १९४५ मध्ये येथेच स्थापन झाला, हे अनेकांना ठाऊक असते; येथे वायू-सेन्सरची प्रयोगशाळा आहे हे फारच थोड्यांना.) प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात स्क्रीन प्रिंटिंगने तयार केलेल्या जाड थरांच्या वायू-सेन्सरवर निबंधांची मालिका प्रसिद्ध केली. फेरिक ऑक्साइडने सुधारलेल्या झिंक ऑक्साइडचा अमोनियासाठी, पृष्ठभाग बदललेल्या झिंक ऑक्साइडचा क्लोरिनसाठी आणि कॉपर ऑक्साइडने सुधारलेल्या टिन ऑक्साइडचा हायड्रोजन सल्फाइडसाठी उपयोग, असे तिचे विषय. हजिऱ्याच्या पट्ट्यात ज्या वायूंची भीती आहे नेमके तेच वायू या यादीत आहेत.

कृती अशी : ऑक्साइडची बारीक पूड, थोडी काचपूड, इथाइल सेल्युलोज आणि एखादे सेंद्रिय द्रावक मिळून घोटलेली लुकण तयार करावयाची, ती जाळीतून काचेच्या किंवा ॲल्युमिनाच्या पट्टीवर छापावयाची, जशी कापडावर छपाई होते तशी, मग भट्टीत भाजावयाची. सुरतेच्या छपाईवाल्याला ही कृती समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतील. थराची जाडी काही दशक मायक्रोमीटर असते, म्हणून त्याला पातळ न म्हणता जाड थर म्हणतात. त्यावर तांब्याच्या क्षाराचा हात देऊन पुन्हा भाजले की पृष्ठभागावर कॉपर ऑक्साइडचे कण पसरतात.

टिन ऑक्साइडच्या कणांवर हवेतील ऑक्सिजन चिकटतो आणि कणांतील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे रोध वाढतो. क्षपणकारी वायू आला की तो हा ऑक्सिजन खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉन परत जातात, रोध घटतो. हे तत्त्व १९६२ मध्ये जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर दाखवले, त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. कॉपर ऑक्साइडची युक्ती त्याहून चतुर आहे. कॉपर ऑक्साइड आणि टिन ऑक्साइड यांच्या सांध्यावर विद्युतप्रवाहाला भिंत उभी राहते; हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचे रूपांतर धातूसारख्या सुवाहक कॉपर सल्फाइडमध्ये होते आणि भिंत कोसळते. दुसरा कोणताही सामान्य वायू हे करीत नाही, म्हणून निवडक्षमता मिळते. क्यूशू विद्यापीठातील यामाझोए यांच्या गटाने १९९२ मध्ये ही जोडी पुढे आणली. अमळनेरच्या २००६ मधील निबंधाने ती खोलीच्या तापमानाला आणि दशलक्षात काही भाग इतक्या अल्प प्रमाणाला चालते असे दाखवले. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून आलेले हे काम सेन्सर-क्षेत्रातील अग्रगण्य नियतकालिकात छापले गेले, ही गोष्ट अभिमानाची आहे.

खोलीचे तापमान हा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही. बाजारात मिळणाऱ्या चिनी टिन ऑक्साइड सेन्सरची तापक तार सुमारे पाऊण वॅट वीज सतत खाते. साध्या मोबाइलच्या सुमारे १५ वॅट-तास क्षमतेच्या बॅटरीवर तो २० तासही चालणार नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला लावावयाचे उपकरण तापक तारेवर चालू शकत नाही. म्हणूनच आज अशा उपकरणांत विद्युत-रासायनिक घट वापरतात. त्यांचे आयुष्य साधारण दोन वर्षे असते आणि ते आयात केलेले असतात. अमळनेरच्या सेन्सरची खरी स्पर्धा त्या घटाशी आहे, दुसऱ्या शोधनिबंधातील सेन्सरशी नाही.

घंटेखालची हवा

येथून या साहित्याची दुर्बळ बाजू सुरू होते, आणि ती एका प्रयोगशाळेची नसून सबंध परंपरेची आहे.

आपल्याकडील बहुसंख्य निबंधांत वायूची चाचणी स्थिर पद्धतीने होते. काचेच्या घंटेखाली सेन्सर ठेवतात, सिरिंजने मोजका वायू आत सोडतात, रोध मोजतात आणि नंतर घंटा उचलून हवा खेळवतात. यंत्रणा स्वस्त आहे, येथेच तयार होते. पण घंटेचे घनफळ २५ लिटर धरले तर १० भाग प्रमाणासाठी आत सोडावयाचा वायू अवघा पाव मिलिलिटर होतो. सिरिंजमध्ये ०.०५ मिलिलिटरची चूक झाली की प्रमाण दोन भागांनी, म्हणजे २० टक्क्यांनी, बदलते. हायड्रोजन सल्फाइड काचेला व रबराला चिकटतो ते वेगळेच. त्यामुळे अनेक निबंधांत चाचणी शेकडो भागांवर केलेली दिसते, कारण तेथे ही चूक लपून जाते. आता वरील चार आकडे आठवावेत. ३०० भाग अमोनियाला उत्तम प्रतिसाद देणारा सेन्सर माणूस पळण्याच्या अवस्थेत असताना घंटा वाजवतो.

दुसरी गोष्ट बाष्पाची. पाण्याची वाफ टिन ऑक्साइडचा मूळ रोधच बदलून टाकते. इच्छापोर समुद्र आणि तापीचे मुख यांच्या जवळ आहे. जुलैतील हवा आणि फेब्रुवारीतील हवा यांत सेन्सरच्या दृष्टीने एखाद्या वायूइतका फरक असतो. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या सेन्सरला तर हा त्रास अधिक, कारण वाफ उडवून लावणारी उष्णताच तेथे नसते. त्याखेरीज कॉपर सल्फाइडचे पुन्हा कॉपर ऑक्साइड होण्यास हवा आणि तापमान दोन्ही लागतात. एकदा वाजलेला सेन्सर दुसऱ्यांदा तितक्याच खात्रीने वाजेल का, हा प्रश्न म्हणून विचारावा लागतो. प्रतिसादाचा वेग सेकंदांत सांगणारे तक्ते पुष्कळ आहेत. सेन्सर तयार झाल्यावर ३०० दिवसांनी तोच आकडा काय होता, हे सांगणारे तक्ते विरळ.

विरळ म्हणजे मुळीच नाहीत असे नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील कट्टी, देबनाथ, मुथे, गुप्ता, साहनी आदींचा २००३ मधील निबंध कॉपर ऑक्साइडयुक्त टिन ऑक्साइडच्या पातळ थरांत काळानुसार होणारे विचलन हाच विषय घेऊन त्यामागील यंत्रणेचा शोध घेतो. त्यांचे थर निर्वात बाष्पीभवनाने तयार केलेले होते, बाथमध्ये नव्हे. तथापि दृष्टिकोन अनुकरणीय आहे. सेन्सर बिघडतो ही लाजेची बाब न मानता संशोधनाची बाब मानली गेली. जड पाण्याच्या काही प्रकल्पांत हायड्रोजन सल्फाइड मोठ्या प्रमाणावर वापरला जात असल्याने अणुऊर्जा विभागाला असा सेन्सर प्रत्यक्ष हवा होता. वापरणारा समोर उभा असला की विचलन दुर्लक्षिता येत नाही. कोल्हापूर आणि अमळनेरसमोर असा ग्राहक नव्हता. त्यांचा ग्राहक होता नियतकालिकाचा परीक्षक, आणि परीक्षक क्ष-किरण विवर्तनाचे आलेख व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे मागतो, पावसाळ्याची नोंदवही मागत नाही.

जरीचा हिशोब

सुरतेला पातळ थर नवा नाही. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा चढवून खरी जरी तयार होते; स्वस्त जरीत तांब्याच्या तारेवर चांदी आणि मग सोने चढते; त्याहून स्वस्त जरी म्हणजे निर्वातात ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पॉलिएस्टरच्या पट्ट्या. तिन्ही प्रकार पातळ थराच्याच पद्धती आहेत, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त माल सर्वांत महागड्या यंत्रावर, निर्वात कोठीत, तयार होतो. कारण त्या कोठीतून एका खेपेला हजारो मीटर पापुद्रा निघतो. 'निर्वात यंत्रणा लागत नाही म्हणून स्वस्त' हे समीकरण सुरतेच्या बाजारात कधीच मोडीत निघाले आहे.

मुलामा देणाऱ्या कारागिराला आपल्या बाथचा हिशोब ठेवावाच लागतो : द्रावणात सोने किती, किती तारेनंतर ते कमी होईल, धुवणातून किती वाया गेले. न ठेवला तर तो बुडतो. शोधनिबंधातील बाथला असा हिशोब नाही. केमिकल बाथमध्ये घातलेल्या धातूपैकी पट्टीवर बसणारा अंश थोडा असतो. उरलेला गाळ होऊन तळाशी आणि भिंतींवर जातो. धातू कॅडमियम किंवा शिसे असेल तर तो गाळ विषारी टाकाऊ आहे. 'सिलार'मध्ये गाळ टळतो, पण प्रत्येक फेरीला दोन वेळा धुणे आले. एका फेरीला ८० सेकंद धरले तर १०० फेऱ्यांना सव्वादोन तासांच्या आसपास वेळ जातो, आणि हाती येतो एक पट्टीभर थर. स्प्रेमध्ये तुषारांचा मोठा भाग काचेवर न बसता उडून जातो. क्लोराइड वापरले असल्यास सोबत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. यांपैकी कोणताही दोष असाध्य नाही. परंतु दोष मोजले नाहीत तर ते सुधारावयाचे कसे?

शिवाय थर हा सेन्सरच्या किमतीचा लहानसा भाग आहे. ॲल्युमिनाची पट्टी, सोन्याचे किंवा चांदीचे इलेक्ट्रोड, तापक, आवरण, इलेक्ट्रॉनिक मंडल, प्रमाणित वायूच्या सिलिंडरवर प्रत्येक नगाचे अंशशोधन आणि स्फोटक वातावरणात वापरण्याचे प्रमाणपत्र, ही खरी खर्चाची ठिकाणे. चिनी टिन ऑक्साइड सेन्सर मंडलासह शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. बाथमधील थर फुकट मिळाला तरी त्या किमतीशी स्पर्धा करता येणार नाही. स्पर्धा करावयाची तर ती विश्वासार्हतेत करावी लागेल. चिनी सेन्सर निवडक्षम नसतो. अगरबत्तीच्या धुरालाही तो हायड्रोजन सल्फाइडइतकाच दचकतो.

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये नॅनोविज्ञानाचा उपक्रम आणि मे २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले. त्यातून सूक्ष्मदर्शक आले, केंद्रे उभी राहिली, निबंधांची संख्या वाढली. पुण्याच्या सी-मेट संस्थेत जाड थरांच्या लुकणीवर काम झाले. पण अंशशोधनाची सामायिक सुविधा, म्हणजे अमळनेरच्या किंवा नंदुरबारच्या प्राध्यापकाने वीस सेन्सर पाठवावेत आणि ठरावीक बाष्पात, ठरावीक वायूत त्यांची चाचणी होऊन यावी अशी सोय, महाविद्यालयांच्या आवाक्यात आली नाही. एक सूक्ष्मदर्शक कमी घेऊन ती उभारता आली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

हिऱ्याच्या भट्ट्या

इच्छापोरच्या संदर्भात दुसऱ्या टोकाचे उदाहरण टाळता येत नाही. सुरत आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचे मोठे केंद्र आहे. मिथेन आणि हायड्रोजन यांच्या मायक्रोवेव्ह प्लाझ्मामध्ये हिऱ्याच्या बीजपट्टीवर कार्बनचा थर वाढवत नेणे, ही पद्धत रासायनिक बाष्पनिक्षेपण म्हणून ओळखली जाते आणि ती पातळ थराच्याच कुळातील आहे. यंत्र महाग, वीज भरपूर, तापमान ८०० अंशांच्या वर. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने बीजपट्टीवरील आयात शुल्क रद्द केले. आयआयटी मद्रासमध्ये त्यासाठी संशोधन केंद्र मंजूर झाले, अंदाजित खर्च २४२ कोटी. पुढे उत्पादन इतके वाढले की मालाचा भाव कोसळला, आणि डी बिअर्सने २०२४ मध्ये दागिन्यांसाठी असे हिरे वाढवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

पातळ थराच्या अभ्यासकाला या घडामोडीत रस असावयास हवा. हिऱ्याचा ऊर्जा-अंतराळ ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, त्याची उष्णतावहनक्षमता तांब्याच्या पाचपट भरते. किरणोत्सर्ग मोजणारे डिटेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांखालील उष्णतावाहक पट्ट्या यांसाठी तो उत्तम पदार्थ आहे. रत्न म्हणून भाव पडलेल्या भट्टीला हे दुसरे काम मिळू शकते. मात्र नायट्रोजनचे प्रमाण, पृष्ठभागाची सपाटी, प्रत्येक पट्टीचा गुणधर्म सारखा असणे या अटी रत्नाच्या अटींहून वेगळ्या व कठोर आहेत. कापणाऱ्याच्या डोळ्याला निर्दोष दिसणारा खडा डिटेक्टर म्हणून नापास होऊ शकतो. बाथवाल्यांना जो धडा मोजमापाअभावी शिकावा लागतो आहे तोच भट्टीवाल्यांनाही शिकावा लागेल, फक्त त्यांचे शुल्क अधिक असेल.

काही सूचना

गटारात किंवा मलटाकीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. माणसे तरीही उतरतात आणि मरतात. सेन्सर हा कायद्याच्या अंमलबजावणीला पर्याय नाही, आणि स्वस्त सेन्सर उपलब्ध झाला म्हणून माणूस उतरवण्यास सबब मिळू नये, हेही स्पष्ट केलेले बरे. टाकीच्या तोंडाशी, नाल्याच्या काठी आणि रंगाईच्या शेडमध्ये तो टांगलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी नवीन पदार्थाची गरज नाही. कोल्हापूरच्या पद्धती आणि अमळनेरची जोडी पुरेशी आहे. एकाच घाणीतील वीस-पंचवीस सेन्सर घ्यावेत, एकच उत्तम नमुना निवडून छापू नये. चाचणी १०, २५ आणि १०० भागांवर, वाहत्या वायूत, कोरड्या आणि ८० टक्के बाष्पाच्या हवेत करावी. प्रत्येक नगामागे गेलेला धातू, पाणी, वीज आणि टाकाऊ द्रावण यांची नोंद निबंधातच द्यावी. ठरावीक दिवसांनी वाचन घेत राहून बंद पडलेल्या नगांची संख्याही छापावी; परीक्षकाने ती दोष समजू नये. इच्छानाथची संस्था आणि हजिऱ्याचा पट्टा यांत नदीचेच काय ते अंतर आहे, तेव्हा पट्ट्या टांगण्यास जागा शोधावी लागणार नाही. मृगाच्या आरंभी त्या टांगल्या आणि पुढच्या मृगापर्यंत दर पंधरवड्याला रोध मोजला, तर हाती सुमारे पंचवीस वाचने येतील, आणि कॉपर ऑक्साइडचा थर दमट खाऱ्या हवेत किती महिने टिकतो याचा आकडा सुरतेच्या हवेत मोजलेला असेल.